उंदराच्या मेंदूत टाऊ नव्हतंच, तरी बँड आला!

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलतानाची अडखळ काढून टाकली आहे, बाकी जवळजवळ जसंच्या तसं. लोकलमध्ये नेटवर्क गेलं तर वाचायला.)



आज सुरुवात एका जुन्या आठवणीने. २०२१ चा मे महिना. दुसरी लाट चालू होती आणि पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या घरी करायच्या कोविड किटला आयसीएमआरची मान्यता मिळाली. घरी करायचं देशातलं ते पहिलं किट. मग पुढे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ते केलं. नाकात काडी फिरवायची, नळीत घुसळायची, पट्टीवर थेंब टाकायचे आणि पंधरा मिनिटं देव पाण्यात घालून बसायचं.

त्या पट्टीवर दोन जागा होत्या, आठवतंय? एक सी आणि एक टी. सगळ्या घराचं लक्ष टीकडे. टीवर रेघ आली की घरात धावपळ. पण सोबतच्या कागदावर लिहिलेलं असायचं की सीवर रेघ आली नाही, तर टीकडे बघूच नका. टेस्ट बाद. नवीन किट फोडा.

सी म्हणजे कंट्रोल. ती रेघ तुमच्या आजाराबद्दल काहीच सांगत नाही. ती फक्त एवढंच म्हणते, "थेंब इथपर्यंत पोचला, आतली रसायनं शाबूत आहेत. आता माझ्या शेजारणीचं ऐकायला हरकत नाही."

आजचा भाग या सी रेघेबद्दल आहे. फक्त कोविडच्या नाही, मेंदूच्या संशोधनातल्या. ही रेघ मी एकदा गाळली होती. त्यात माझे चार महिने गेले, ते कसे गेले तेही सांगते.

०२:३० | अँटीबॉडी नावाचा आकडा

आधी थोडी ओळख. अँटीबॉडी, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं प्रतिपिंड. शरीरात परकं काही शिरलं की आपल्या पेशी इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं एक प्रोटीन बनवतात. त्या वायची दोन टोकं त्या परक्या वस्तूच्या एका विशिष्ट भागाला जाऊन चिकटतात. वस्तू अख्खी ओळखली जात नाही हं, फक्त तिचा छोटासा तुकडा ओळखला जातो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शास्त्रज्ञांनी याचं हत्यार केलं. मेंदूतलं एखादं प्रोटीन शोधायचंय? ते प्रोटीन, किंवा त्याचा तुकडा, सशाला टोचा. ससा त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतो. सशाच्या रक्तातून ती वेगळी काढा. झाला तुमचा मासे धरायचा आकडा तयार. पण सशाच्या रक्तात एकाच प्रोटीनविरुद्धच्या अनेक प्रकारच्या अँटीबॉडी मिसळलेल्या असतात, आणि तो ससा गेला की तोच माल पुन्हा मिळत नाही. १९७५ मध्ये जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच पेशीच्या वंशावळीतून एकाच प्रकारची अँटीबॉडी सतत बनवायची युक्ती शोधली. तिला मोनोक्लोनल म्हणतात. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आता तर अँटीबॉडीचा जनुकीय मजकूरच लिहून ठेवतात आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून ती हवी तेव्हा बनवून घेतात. तिला रिकॉम्बिनंट अँटीबॉडी म्हणतात.

लॅबमध्ये ही अँटीबॉडी येते ती करंगळीच्या नखाएवढ्या थेंबात. आम्हाला एक कुपी तीसेक हजारांना पडली होती. फ्रीजमधून ती काढताना माझा हात थरथरायचा, खोटं कशाला सांगू!

आता खरा प्रश्न. कुपीवर लिहिलंय "टाऊविरुद्धची अँटीबॉडी". पण ती खरंच टाऊलाच चिकटते, हे कोणी बघितलं?

०५:१० | टाऊ म्हणजे कोण?

टाऊ हे मेंदूतल्या चेतापेशींमधलं प्रोटीन. पेशीच्या लांबलचक शेपटीत सामानाची ने-आण करायला सूक्ष्म नळ्यांचे रूळ असतात. टाऊ त्या रुळांना आधार देतं. १९७५ मध्येच ते सापडलं. (भारीच होतं ते साल!)

अल्झायमर आजारात या टाऊवर फॉस्फेटचे नको तितके गट चिकटतात, ते रुळांवरून सुटतं आणि पेशीत त्याचे गुंते होतात. आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये एका स्त्रीच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली जे गुंते दाखवले, ते याच टाऊचे होते. हे कळायला पुढची कितीतरी दशकं गेली.

माझी आजी शेवटची तीन वर्षं मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारायची. त्यामुळे टाऊवर काम करणाऱ्या पुण्यातल्या एका लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंटची जागा निघाली, तेव्हा मी फारसा विचार केला नाही. अर्ज केला, लागले.

०६:४० | माझा सुंदर बँड

काम असं होतं की तरुण उंदीर आणि म्हातारे उंदीर यांच्या मेंदूत टाऊ किती, ते मोजायचं. पद्धत वेस्टर्न ब्लॉट.

वेस्टर्न ब्लॉट म्हणजे काय? मेंदूचा तुकडा कुटून, विरघळवून त्यातली हजारो प्रोटीनं एका द्रवात घेतात. त्यात एसडीएस नावाचं डिटर्जंट घालतात. शाम्पू-टूथपेस्टमध्ये असतं ना, तेच. त्याने प्रोटीनच्या घड्या सुटतात, लोकरीचा गुंडा उलगडावा तशा. मग हे सगळं जेलच्या चकतीत ओतून वीज लावायची. छोटी प्रोटीनं भराभर खाली पळतात, मोठी वर रेंगाळतात. मग ती सगळी एका पातळ कागदासारख्या मेंब्रेनवर उतरवून घ्यायची. मेंब्रेनच्या मोकळ्या जागा भरून टाकायला काय वापरतात माहितीये? दुधाची पावडर! साय काढलेल्या दुधाची, पाच टक्के. आमच्या लॅबच्या कपाटात रसायनांच्या रांगेत दुधाच्या पावडरीचा डबा असायचा, आणि त्यावर कोणीतरी मार्करने लिहिलं होतं, "चहासाठी नाही."

मग पहिली अँटीबॉडी ओतायची. माझी पहिली अँटीबॉडी उंदरापासून बनवलेली होती. ती टाऊला जाऊन चिकटणार. पण तिला स्वतःला चमक नसते. म्हणून दुसरी अँटीबॉडी घालायची. ती बकरीची, आणि तिचं काम "उंदराची अँटीबॉडी दिसली की चिकट" एवढंच. तिच्या अंगावर चमक देणारं एन्झाइम बसवलेलं असतं. म्हणजे साखळी अशी: टाऊ, त्यावर पहिली, तिच्यावर दुसरी, आणि मग उजेड.

माझा बँड आला. ५० किलोडाल्टनच्या आसपास, काळाकुळकुळीत, कडा एकदम स्वच्छ. उंदराचं टाऊ साधारण तिथेच अपेक्षित असतं. आणि म्हाताऱ्या उंदरांत बँड जास्त गडद! वय वाढलं की टाऊ वाढतं, माझ्या मेंब्रेनवर स्पष्ट दिसत होतं. मी तीनदा केलं, तीनदा आलं. शेजारी ॲक्टिनचा बँड सगळीकडे सारखा, म्हणजे प्रत्येक खान्यात प्रोटीन सारखंच भरलंय, तिथेही गडबड नाही. मॅडम खूश. परिषदेसाठी पोस्टर तयार झालं, छापूनही आलं.

आमच्या लॅबमध्ये पीएचडी संपवत आलेली एक सीनियर होती. सगळे तिला ताईच म्हणायचे. तिने पोस्टर बघितलं, चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "टाऊ नसलेला उंदीर कुठाय?"

मी म्हटलं, "ताई, टाऊ नसलेल्या उंदरात बघायचं काय? तिथे काही दिसणारच नाही."

"मग दाखव ना, काही दिसत नाही ते."

०९:५० | थर्माकोलचा डबा

जनुक काढून टाकलेल्या प्राण्याला किंवा पेशीला नॉकआउट म्हणतात. टाऊचं जनुक काढलेले उंदीर जगभरात बऱ्याच लॅबमध्ये आहेत. ते जगतात, धडधाकट दिसतात, फक्त त्यांच्या अंगात टाऊ नसतं. दुसऱ्या एका लॅबने त्यांच्याकडच्या अशा उंदराच्या मेंदूचा नमुना पाठवला. थर्माकोलच्या डब्यात, कोरड्या बर्फात, अर्ध्या बोटाएवढ्या नळीत.

मी जेल चालवलं. एका खान्यात नेहमीचा उंदीर, शेजारच्या खान्यात टाऊ नसलेला. इमेजरच्या स्क्रीनवर चित्र उमटलं.

दोन्हीकडे बँड. त्याच जागी आणि जवळजवळ तेवढाच गडद.

मी नळीवरचं लेबल पुन्हा वाचलं. वाटलं, नमुने अदलाबदल झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तेच. मग ताईने अजून एक साधी गोष्ट करायला लावली. मेंब्रेनचा एक तुकडा कापला आणि त्यावर पहिली अँटीबॉडी घातलीच नाही. फक्त दुधाचं पाणी आणि नंतर सरळ दुसरी, बकरीची. टाऊला ओळखणारं त्यात कोणी नव्हतंच. तरी बँड आला!

इथे माझी ट्यूब पेटली. तुमचीही पेटली का बघा, जरा थांबते.

बकरीच्या अँटीबॉडीचं काम काय? "उंदराची अँटीबॉडी दिसली की चिकट." आणि माझा नमुना कोणाचा? उंदराचा. उंदराच्या मेंदूत रक्तवाहिन्या असतात, रक्तात उंदराच्या स्वतःच्या अँटीबॉडी असतात. एसडीएसने त्या सुट्या झाल्या की त्यांचा मोठा तुकडा बरोब्बर ५० किलोडाल्टनला येतो. माझ्या टाऊच्या जागी.

चार महिने मी टाऊ मोजत नव्हते मंडळी. मेंदूत किती रक्त शिल्लक राहिलंय ते मोजत होते. काही उंदरांच्या मेंदूतलं रक्त नीट धुतलं गेलं होतं, काहींचं नाही. म्हातारे उंदीर मी सुरुवातीच्या दिवसांत हाताळले होते, हात बसलेला नसताना. त्यांचा बँड गडद. "वय वाढलं की टाऊ वाढतं" या माझ्या शोधाची एवढीच गोष्ट होती. टाऊही तिथे असेल, पण त्या गर्दीत ते वेगळं दिसणं शक्यच नव्हतं.

बरं, हा काही माझा एकटीचा पराक्रम नाही. टाऊच्या संशोधनात हा घोळ ओळखीचा आहे, त्यावर शोधनिबंधही आहेत. उपायही सोपा आहे. बकरीची अँटीबॉडी अशी घ्यायची जी उंदराच्या अँटीबॉडीचा फक्त छोटा तुकडाच ओळखते. तो २५ किलोडाल्टनला येतो, म्हणजे ५० ची जागा मोकळी होते. आम्ही तसं केलं. टाऊ नसलेल्या उंदराचा खाना स्वच्छ झाला, नेहमीच्या उंदरात खरं टाऊ दिसलं. आणि तरुण-म्हाताऱ्यांतला फरक गेला.

मॅडमनी पोस्टर मागे घेतलं. ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "छापायच्या आधी विचारलं असतंस तर बरं झालं असतं, आणि मीही विचारायला हवं होतं." ते फ्लेक्सचं गुंडाळलेलं पोस्टर अजून माझ्या कपाटामागे आहे. तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते.

१३:२० | कसोटी

आजोळी एक सराफकाका होते. त्यांच्याकडे काळा गुळगुळीत दगड असायचा, कसोटी. दागिना त्यावर घासला की सोनेरी रेघ उठायची. लहानपणी मला वाटायचं, रेघ सोनेरी आली की सोनं खरं. पण काका तिथे थांबायचे नाहीत. ज्यांचा कस आधीच ठाऊक आहे अशा सोन्याच्या काड्या त्यांच्याकडे होत्या. त्यातली एक ते शेजारी घासायचे. दोन रेघा शेजारीशेजारी. मग दोन्हींवर ॲसिडचा थेंब. पितळेची रेघ विरघळून जायची, सोन्याची राहायची.

त्या काड्या म्हणजेच कंट्रोल. नवीन दागिन्याबद्दल बोलायच्या आधी ज्याचं उत्तर माहितीये ते विचारून घ्यायचं. मेंदूच्या संशोधनात या काड्यांचं काम कंट्रोल प्रोटीनं आणि कंट्रोल नमुने करतात. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या खात्यात धरता येत नाही. एकेक बघू.

पहिला प्रश्न: असेल तेव्हा दिसतं का? यासाठी शुद्ध, आधीच माहीत असलेलं प्रोटीन शेजारच्या खान्यात घालतात. टाऊसाठी तर फार छान सोय आहे. मोठ्या माणसाच्या मेंदूत टाऊची सहा रूपं असतात, सगळ्यात लहान ३५२ अमिनो आम्लांचं, सगळ्यात मोठं ४४१ चं. ही सहाही ई. कोलाय जिवाणूंकडून बनवून, एकत्र करून वापरतात. जेलवर शिडीच्या पायऱ्यांसारखे बँड दिसतात, म्हणून नावच टाऊ लॅडर. याची गरज का? कारण टाऊ जेलवर फसवतं. ४४१ वाल्याचं खरं वजन ४६ किलोडाल्टनच्या आसपास आहे, पण जेलवर ते ६० च्याही वर दिसतं. तेव्हा "वजन जुळतंय ना, मग तेच असणार" हा युक्तिवाद इथे चालत नाही. माझ्याकडे तर तो युक्तिवादही चुकीच्या प्रोटीनशी जुळला होता!

पण शुद्ध प्रोटीनची मर्यादा आहे. खान्यात ते रग्गड असतं. रिकाम्या खोलीत एकाच माणसाला ओळखणं सोपं, दादर स्टेशनवर संध्याकाळी सहाला ओळखणं वेगळं. मेंदूच्या नमुन्यात हजारो इतर प्रोटीनं असतात. म्हणून दुसरा प्रश्न लागतोच.

दुसरा प्रश्न: नसेल तेव्हा गायब होतं का? हे नॉकआउटचं काम. ताईने मला विचारलेला प्रश्न हाच. अँटीबॉडीसाठी सगळ्यात कडक परीक्षा हीच मानतात. इथेही डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण कधीकधी जनुक अर्धवट मोडलेलं असतं आणि प्रोटीनचा तुकडा पेशीत शिल्लक राहतो. काही जनुकं काढली तर पेशी मरतेच, मग प्रोटीन पूर्ण न काढता कमी करून बघतात.

तिसरा प्रश्न: भावंडांमध्ये गल्लत होते का? पार्किन्सन आजारात अल्फा-सिन्यूक्लीन नावाच्या प्रोटीनच्या गुठळ्या होतात. त्याला बीटा आणि गॅमा अशी भावंडं आहेत. अल्फा १४० अमिनो आम्लांचं, बीटा १३४, गॅमा १२७. तोंडावळा बराच सारखा. अँटीबॉडी छोटाच तुकडा ओळखते म्हटलं होतं ना? तो तुकडा तिन्ही भावंडांत सारखा असला तर ती तिघांनाही चिकटेल. म्हणून तिन्हींची शुद्ध प्रोटीनं तीन खान्यांत घालून बघायचं. अल्फाच्याच खान्यात उजेड पडला पाहिजे.

चौथा प्रश्न: फक्त फॉस्फेटवालंच ओळखतेस का? अल्झायमरमध्ये फॉस्फेट चिकटलेलं टाऊ महत्त्वाचं, म्हणून खास त्याच्यासाठी अँटीबॉडी असतात. त्यांची परीक्षा झकास आहे. अर्ध्या नमुन्यात फॉस्फेट तोडणारं एन्झाइम घालायचं. फॉस्फेट गेलं की बँडही गेला पाहिजे. नाही गेला, तर ती अँटीबॉडी साधं टाऊही पकडतेय.

आणि ॲक्टिन, ट्यूब्युलिन, जीएपीडीएच ही लोडिंग कंट्रोल. त्यांचा प्रश्न फक्त एवढाच की सगळ्या खान्यांत माल सारखा भरला का. माझं ॲक्टिन अगदी चोख होतं. चुकीची गोष्ट मी सारख्या मापाने भरली होती, इतकंच सिद्ध झालं.

एक फसवी परीक्षाही सांगते, कारण जुन्या निबंधांत ती फार दिसते. अँटीबॉडी ज्या तुकड्याविरुद्ध बनवली, त्याच तुकड्यात ती आधी भिजवायची आणि मग वापरायची. बँड गेला की म्हणायचं, "बघा, खरीच होती!" पण विचार करा. अँटीबॉडीचे हातच भरून टाकले. आता ती योग्य प्रोटीनलाही चिकटणार नाही आणि चुकीच्यालाही नाही. बँड चुकीचा होता तरी जाणारच. क्लिफर्ड सेपर आणि पॉल सॉचेन्को या मेंदूशास्त्रज्ञांनी २००३ मध्येच हे बजावलं होतं.

१८:०० | एकट्या-दुकट्याची गोष्ट नाही

हेच सेपर मेंदूरचनेवरच्या एका जुन्या नियतकालिकाचे, 'जर्नल ऑफ कम्पॅरेटिव्ह न्यूरॉलॉजी'चे, संपादक होते. त्यांच्याकडे लेखकांची पत्रं येऊ लागली. आमची अँटीबॉडी नॉकआउट उंदरातही तसाच रंग देतेय, आधी छापलेलं आता कसं मागे घ्यायचं? २००५ मध्ये त्यांनी वाचकांना खुलं पत्र लिहिलं आणि कंट्रोल कशी दाखवायची याचे नियम कडक केले. दोन वर्षांनी, २००७ मध्ये, निकोटिनिक रिसेप्टर या मेंदूतल्या प्रोटीनांच्या बाजारातल्या अँटीबॉडी तपासल्या गेल्या. रिसेप्टर नसलेल्या उंदरांच्या मेंदूतही त्या तसाच रंग देत होत्या.

मग येतं सी-नाइन-ओआरएफ-७२. नाव अवघड आहे, पण गोष्ट ऐका. एएलएस हा आजार तुम्हाला स्टीफन हॉकिंगमुळे माहीत असेल, किंवा २०१४ च्या बादलीभर बर्फाच्या पाण्याच्या चॅलेंजमुळे. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. २०११ मध्ये दोन गटांनी दाखवलं की या जनुकातला सहा अक्षरांचा तुकडा काही माणसांत शेकडो वेळा, कधी त्याहून जास्त, पुन्हा पुन्हा येतो. युरोपीय वंशाच्या लोकांत एएलएसचं हे सगळ्यात मोठं आनुवंशिक कारण निघालं. साहजिकच सगळे त्या प्रोटीनमागे लागले. ते पेशीत कुठे असतं? करतं काय? रुग्णांत कमी होतं का? उपचार कोणत्या दिशेने शोधायचा, हे या उत्तरांवर अवलंबून.

२०१९ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या कार्ल लाफ्लाम, पीटर मॅकफर्सन आणि सहकाऱ्यांनी ताईचाच प्रश्न विचारला. क्रिस्पर वापरून हे जनुक काढलेल्या पेशी बनवल्या आणि बाजारातल्या अँटीबॉडी शेजारीशेजारी तपासल्या. निघालं काय? बऱ्याच गाजलेल्या निबंधांत वापरलेल्या काही अँटीबॉडी या प्रोटीनला ओळखतच नव्हत्या. काही चांगल्याही सापडल्या. त्यांनी दाखवलं की हे प्रोटीन पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशव्यांवर, लायसोसोमवर, असतं.

मग त्यांनी पसारा वाढवला. २०२३ मध्ये मेंदूविज्ञानाशी संबंधित ६५ प्रोटीनं आणि त्यांच्या ६१४ अँटीबॉडींचा निकाल आला. निम्म्याहून जास्त अँटीबॉडी कुठल्या ना कुठल्या वापरात नापास! रिकॉम्बिनंट अँटीबॉडी इतरांपेक्षा सरस ठरल्या. आणि मला आवडलेला भाग असा की या अँटीबॉडी खुद्द कंपन्यांनीच तपासायला दिल्या होत्या. नापास झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त कंपन्यांनी पुन्हा तपासल्या, बऱ्याच बाजारातून काढल्या किंवा त्यांच्यावरच्या सूचना बदलल्या. अहवाल झेनोडो या खुल्या साइटवर फुकट वाचता येतात.

पैशाचं म्हणाल तर २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये शंभराहून जास्त शास्त्रज्ञांनी सही केलेल्या एका लेखात अंदाज होता की वाईट अँटीबॉडींवर जगभरात वर्षाला ८० कोटी डॉलर वाया जातात. यात माझ्यासारख्यांचे महिने धरलेले नाहीत.

२१:३० | मग लोक असं करतात का?

लबाडी म्हणून नाही, निदान बहुतेक वेळा तरी नाही. नॉकआउट नमुना हाताशी नसतो. कुपी महाग, दुसरी घेऊन तुलना करायला पैसे नसतात. आणि "सगळे हीच वापरतात" हे वाक्य फार गोड वाटतं. मीही तेच म्हटलं होतं. पाचशे निबंधांत वापरली म्हणून अँटीबॉडी खरी होत नाही, जसं व्हॉट्सॲपवर पाचशे जणांनी फॉरवर्ड केलं म्हणून बातमी खरी होत नाही.

शिवाय अँटीबॉडी सरसकट चांगली किंवा वाईट नसते. वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रोटीन उलगडलेलं असतं, मेंदूच्या कापात ते घडी घातलेलं आणि फॉर्मॅलिनने घट्ट झालेलं असतं. एका ठिकाणी पास झालेली दुसरीकडे नापास होऊ शकते. म्हणून परीक्षा ज्या कामासाठी वापरायची त्याच कामात घ्यावी लागते.

आणि हे आपल्याला का कळायला हवं? २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या एफडीएने अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली. त्या चाचणीत जे मोजतात त्यातली एक गोष्ट म्हणजे फॉस्फेट चिकटलेलं टाऊ, आणि मोजायचा आकडा अँटीबॉडीचाच. अशा चाचण्या मान्यतेआधी कसून तपासल्या जातात, माझ्या पोस्टरसारख्या नाहीत. पण त्यांच्या मुळाशी जे संशोधन असतं ते माझ्यासारख्याच कोणाच्या तरी टेबलावर सुरू होतं. तिथे बँडला कोणी "तू नक्की कोण?" असं विचारलं नाही, तर पुढे कोणाच्या तरी आजीच्या रिपोर्टपर्यंत ती चूक वाहत जाऊ शकते.

तेव्हा तुमच्यापैकी जे बीएस्सी, एमएस्सी करताय, लॅबमध्ये जाताय, त्यांनी एवढं करा. पहिल्याच दिवशी विचारा, प्रोटीन नसलेला नमुना कुठे मिळेल? पहिली अँटीबॉडी न घातलेली पट्टी प्रत्येक वेळी ठेवा, तिला पैसे पडत नाहीत. अँटीबॉडीचा कॅटलॉग नंबर आणि लॉट नंबर वहीत लिहा. उंदराच्या नमुन्यावर उंदराचीच अँटीबॉडी वापरताय? मला आठवा.

आणि जे लॅबमध्ये नाहीत त्यांनी "अल्झायमरचं नवं प्रोटीन सापडलं" असली बातमी आली की एकच प्रश्न मनात ठेवा: ते नसताना काय दिसलं, हे कोणी बघितलं का?

ताई आता परदेशात आहे. हा भाग करायच्या आधी तिला मेसेज केला की तुझी गोष्ट सांगतेय. तिचा रिप्लाय आला, "सांग. पण आधी स्क्रिप्ट अशा कोणाला तरी वाचायला दे ज्याला यातलं काही माहीत नाही. तो तुझा निगेटिव्ह कंट्रोल." मी बाबांना दिली. ते बँकेतून रिटायर झालेत. त्यांना दुधाच्या पावडरीचं फार आवडलं, आणि दोन ठिकाणी काही कळलं नाही. ती दोन ठिकाणं मी बदलली.

तुम्हालाही कुठे अडलं असेल तर लिहा, पुढच्या भागात उत्तर देईन. भेटू, काळजी घ्या!